मालकाची येल

माझ्या सासऱ्यांचं नाव लटारी. हे लिहिताना मला काही वाटत नाही, कारण मनाई तोंडाला आहे, हाताला नाही. सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नसतं एवढंच आम्हाला सांगितलेलं. लिहायचं नाही असं कोण सांगणार? त्या टोलीत लिहिता येणारी बाई मी पहिलीच. माझ्या सासूबाई आज असत्या तर त्यांनी हातही धरला असता म्हणा; एकदा धरलाही होता, ते पुढे येईलच. नातीला हे वाचून दाखवताना त्या शब्दापाशी आले की मी नुसतं बोट ठेवते आणि तो शब्द ती मोठ्याने वाचते. तिला त्यात फार मजा वाटते.

मी वरोऱ्याची, कापसाच्या बाजारात वाढलेली. रोज रेल्वे पाहणारी मुलगी लग्न होऊन चामोर्शीच्या पलीकडे, जंगलातल्या एका टोलीत येऊन पडली. टोली म्हणजे पाच-सहा घरं, सगळी एका भावकीची. समोर तलाव, तलावात मासे, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि बाकी जिकडे पाहावं तिकडे झाडंच झाडं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, टोलीत वयाने सगळ्यांत मोठे. त्यामुळे तिथे नांदायला आलेली प्रत्येक बाई एक तर त्यांची सून, नाहीतर धाकटी भावजय. देवकाबाई, माझ्या सासूबाई, त्या तर त्यांच्या बायकोच. थोडक्यात, टोलीतल्या एकाही नांदत्या बाईला 'लटारी' म्हणायची सोय नव्हती.

नुसतं माणसाचं नाव असतं तर काही अडलं नसतं. पण लटारी हे आमच्याकडे एका वेलीचंही नाव होतं. मोठमोठ्या झाडांना विळखे घालत वर जाणारी, मांडीएवढ्या खोडाची ती वेल थंडी संपता संपता शेंड्यावरून शेंगांच्या लटा खाली सोडते. मामाजींची आई ती वेल कापायला जंगलात गेली आणि वेलीच्या भाऱ्याऐवजी पोरगं घेऊन परतली, म्हणून पोराचं नाव लटारी. आईला काय माहीत, पुढे येणाऱ्या सगळ्या सुनांची तिने केवढी पंचाईत करून ठेवली ते.

त्या वेलीची साल काढून, ठेचून, तिचा दोर वळत. तो पाण्यात कुजत नाही. उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळी टोली मिळून मोठं जाळं ओढायची, त्या जाळ्याचा वरचा दोर या वेलीचाच हवा. तागाचा दोर एका पावसाळ्यात मऊ पडतो. एका वर्षी दुसऱ्याच कुठल्या वेलीचा दोर लावला आणि जाळं ऐन मध्यात तुटलं; मासे खाली आणि टोली काठावर एकमेकांवर ओरडत उभी. तेव्हापासून दोराचं काम बायकांनी स्वतःकडे घेतलं. वेल बायका ओळखायच्या, साल बायका काढायच्या, दोर बायका वळायच्या. फक्त तिचं नाव तेवढं बायकांना घेता येत नव्हतं.

देवकाबाईंनी तर मामाजींचं नाव कधीच घेतलं नव्हतं. बायकोला उखाण्यात नवऱ्याचं नाव घेता येतं, घ्यावंच लागतं. पण लग्नात या एवढ्याशा होत्या. नाव घे म्हटल्यावर भोकाड पसरून आईच्या लुगड्यात शिरल्या, आणि पुढे जो हट्ट धरला तो धरलाच. बारसं असो, डोहाळजेवण असो, त्यांची पाळी आली की त्या पाणी प्यायला उठायच्या. पहिल्या मतदानाला बाबूने नवऱ्याचं नाव विचारलं, तर यांनी पुरुषांच्या रांगेतून मामाजींना हाताला धरून आणलं आणि टेबलासमोर उभं केलं.

मामाजींना याची खंत होती. हसत बोलायचे, पण बोलायचेच. "मी मरीन तवा तरी घेजो व एकदा," म्हणायचे.

"तवा त नाईच घेनार," देवकाबाई म्हणायच्या. "लोक म्हनतीन, बुढी रडून राह्यली."

ही गोष्ट झाली त्या वर्षी मालगुजाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. कालपर्यंत मालगुजाराचं असलेलं जंगल सरकारचं झालं होतं, आणि सरकारचं झाल्याबरोबर सरकारला त्यातल्या वेलींचा राग आला होता. वेली सागाच्या झाडांना आवळतात, वाकडं करतात, म्हणून जंगलातल्या झाडून सगळ्या वेली बुंध्याशी तोडायच्या असा हुकूम सुटला. वेलतोड म्हणत तिला. आजूबाजूच्या जंगलात ती सुरूही झाली होती. मामाजी चामोर्शीला जाऊन रेंजरसाहेबांच्या पाया पडून आले, की आमची दोराची एक वेल तेवढी सोडा. साहेब म्हणाले, येऊन पाहतो.

आणि साहेब आले ते नेमके मार्कंड्याच्या जत्रेत.

जत्रेच्या दिवसांत टोलीत राज्य आमचं. पुरुष, पोरं, म्हातारे, माहेरपणाला आलेल्या लेकी, सगळे बैलबंड्यांत बसून मार्कंड्याला जायचे. घरं, बकऱ्या, कोंबड्या सांभाळायला मागे कोण? सुना. देवाला सुनांना भेटायची फारशी घाई नसावी. आम्हालाही नव्हती. शिवरात्रीचा उपास सुटला होता, कोणाला विचारायचं नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्या एका अंगणात बसून पाहिजे तेवढं तिखट घालून माशाचं कालवण रांधत होतो. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली.

रेंजर गुणवंतराव तरुण होते. हिंदी मुलखातल्या सागरकडच्या मराठी घरातले. मराठी पुस्तकातली बोलायचे आणि घाई झाली की हिंदीत जायचे. सायकलच्या मागे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधलेला होता आणि त्यात झाडांची पानं दाबून ठेवलेली होती. आम्हाला वाटलं, साहेब पत्रावळी विकतात की काय.

"पुरुष कोणी नाही का?" त्यांनी विचारलं.

"मार्कंड्याले गेले," देवकाबाई म्हणाल्या. "परवा येतीन."

"परवा! अहो बाई, उद्या सकाळी तुमच्या बाजूची वेलतोड सुरू होते आहे." त्यांनी कपाळ पुसलं. "ते म्हातारे बाबा येऊन गेले, त्यांना मी शब्द दिला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं त्यांचं. बरं, ती वेल दाखवा आणि तिचं नाव सांगा. नाक्यावर मुकादमासाठी हुकूम ठेवून मला अंधार पडायच्या आत चामोर्शी गाठायची आहे."

"दाखवतो न. पन नाव कायले पायजे?" देवकाबाईंनी सावध होऊन विचारलं.

"तोडणारी माणसं पन्नास ठिकाणी पांगणार. प्रत्येक वेलीला मी चिठ्ठी बांधू का? त्यांना एकच सांगता येतं, अमुक नावाची वेल सोडा. नाव नसेल तर सरसकट तोड."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कालवण चुलीवरून उतरवलं आणि साहेबांना घेऊन निघालो.

वेल दूर नव्हती. तलावाच्या मागे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, एका उंच झाडावर ती चढली होती. साहेबांनी एक पान तोडलं, उलटं केलं, सुलटं केलं. तीन-तीन पानांची जोडणी, अगदी पळसासारखी. त्यांचा चेहरा पडला.

"ही तर पळसवेल," ते म्हणाले. "हिला कशी सोडू? हीच तर सगळ्यांत आधी तोडायची आहे."

"पयसयेल नाई ते!" भागीरथाकाकू ओरडल्या. भागीरथाकाकू म्हणजे मामाजींच्या धाकट्या भावाची, मुखरूकाकाजींची बायको. त्यांचा आवाज तलावाच्या पलीकडे जायचा. "पयसयेल ते पाहा तिकडे. लाल फुलली आहे सारी."

खरंच, पलीकडच्या झाडावर पळसवेल केशरी फुलांनी भरली होती. साहेब दोन्हींकडे आळीपाळीने पाहू लागले. पान तेच, चढण तीच, पण इकडे एकही फूल नाही.

"हिचं फूल कधी येतं?"

"हिचं येऊन गेलं थंडीत. बारीक, पांढरं," देवकाबाई म्हणाल्या. "आता शेंगा आहेत."

साहेब मान मागे टाकून बघायला लागले. शेंड्याला शेंगांच्या लटा लोंबत होत्या, पण त्या माडीएवढ्या उंच. मग ते खाली बसले आणि चांगली पँट घातलेला माणूस पालापाचोळ्यात हात घालून शोधायला लागला. आम्हीही बसलो. शेंग मला सापडली. चपटी, मखमलीसारखी लव असलेली, आणि आत फक्त टोकाशी एकच बी. बाकी सगळी शेंग रिकामी. साहेबांनी ती उजेडात धरली, पिशवीतून एक जाडं पुस्तक काढलं, भराभर पानं उलटली आणि एकदम एवढे खूश झाले की आम्हालाही हसू आलं.

"सापडली! दोन बहिणी समजा. एक केशरी फुलांची, ती तोडायची. आणि ही दुसरी. अहो, हिला मी किती दिवस शोधत होतो!" त्यांनी एक लांबलचक लॅटिन नाव म्हणून दाखवलं. मंत्रासारखं वाटलं.

"झालं मंग," भागीरथाकाकू म्हणाल्या. "हेच सांगा मुकादमाले."

"ते मुकादमाला काय कळणार? आणि शेंगा शेंड्याला, त्यांची कुऱ्हाड बुडाशी. ते वर बघतसुद्धा नाहीत. इथलं नाव सांगा, इथलं." साहेबांनी कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं. "हं. काय म्हणता हिला?"

देवकाबाईंनी पदर पुढे ओढला. "मालकाची येल."

पेन थांबलं. "कुठल्या मालकाची?"

"आमच्या."

"बाई, मालगुजारी खतम झाली. आता कोणी मालक नाही. जंगल सरकारचं आहे."

देवकाबाईंचा पारा चढला. "जंगल असंन सरकारचं. मालक माहे आहेत."

साहेबांनी श्वास घेतला आणि भागीरथाकाकूंकडे वळले. "तुम्ही सांगा. काय नाव हिचं?"

"भासऱ्याची येल," काकूंनी ठणकावून सांगितलं.

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. सागरच्या माणसाला ते काय ठाऊक. "हे भासरे कोण?" त्यांनी विचारलं. "यांचाही हक्क आहे वेलीवर?"

"आहे म्हंजे! सारेईत मोठे आहेत न ते."

साहेबांनी आता माझ्याकडे पाहिलं. मी नीट पदर घेतलेली, वेणीफणी केलेली, आणि पुस्तकात डोकावत होते. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही तरी सरळ सांगा."

मी तोंड उघडलं आणि तोंडातून काय निघणार हे मला निघायच्या आधीच कळलं. पण दुसरा शब्द होता कुठे? "मामाजीची येल," मी म्हणाले.

"मामाजी! आता हे कोणाचे मामा?" साहेब उठून उभे राहिले. "एक मालक, एक भासरे आणि एक मामाजी. एका वेलीवर तीन हक्कदार! देखिए, भांडणातली वेल मी सोडू शकत नाही. सरळ तोड होईल. ज्याला हक्क सांगायचा असेल त्याने कागद घेऊन चांद्याच्या कचेरीत जावं." त्यांनी पेन बंद केलं आणि सायकलकडे चालू लागले.

उद्या ही वेल जाणार, हिच्यासारख्या सगळ्याच जाणार, आणि त्या तोडायला कारण काय, तर मोठ्यांचा मान ठेवायची आमची रीत. मामाजी जत्रेतून परत येतील आणि त्यांच्या नावाची एकही वेल जंगलात शिल्लक नसेल. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. मी धावत जाऊन सायकलचं हँडल धरलं. तरुण सुनेने परक्या माणसाची सायकल धरलेली टोलीने तोवर पाहिली नव्हती.

"साहेब, तिघं नाईत. एकच मानूस आहे. या आत्याबाईचे मालक, या काकूचे भासरे, माहे मामाजी. आमच्या घरचे बुढे. तेच, जे तुमच्याकडे आले होते." मी एका दमात सांगितलं. "अन् या येलीचं नाव अन् त्यायचं नाव एकच आहे. आमाले घेता येत नाई."

साहेबांनी आधी एकेकीकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "असं आहे होय!" ते म्हणाले आणि पुन्हा पेन उघडलं. "मग आधी सांगायचं. बरं, त्यांचं नाव काय?"

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिलो. ज्या खड्ड्यातून निघालो होतो त्यातच परत येऊन पडलो होतो. आधी भागीरथाकाकू फिसकन हसल्या, मग मी, मग सगळ्याच. साहेबांना मागाहून कळलं आणि तेही डोक्याची टोपी काढून हसायला लागले.

"ठीक आहे, मी ओळखतो," ते म्हणाले. "तुम्ही नुसती मान हलवा. सोमाजी?"

"नाई."

"बापूजी? भैयाजी?"

"नाई, नाई."

"दोराची वेल ना? डोरीलाल?"

"हे कोनतं नाव, बाप्पा!"

"वेल म्हणजे लता. लताप्रसाद?"

भागीरथाकाकूंनी जीव तोडून अर्धी मान हलवली आणि पुढे या, पुढे या, असं हाताने बोलावलं. पण साहेब तिथून जे भरकटले ते लतीफपर्यंत गेले. ऊन उतरायला लागलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आमचं हसू ओसरलं.

मी पुढे झाले. "द्या तो कागद. मी लिहून देतो." पेन हातात घेतलं, 'ल' काढला, आणि देवकाबाईंनी माझं मनगट पकडलं. घट्ट. म्हशीला धरून ठेवणारा हात होता तो.

"हात काय दुसऱ्याचा आहे व? तुह्याच आंगाचा आहे न?" त्या म्हणाल्या. "माह्या घरच्या सुनेनं मोठ्याचं नाव टाकलं, असं मी नाई होऊ देनार."

मला राग आला. तेव्हा मी तोंडाची तिखट होतेच, आता वयाने थोडी बोथट झाले आहे. "मंग तुमीच घ्या, आत्याबाई," मी म्हणाले. "आमाले कोनत्याच वाटेनं चालत नाई. तुमाले उखाण्यात चालते. साऱ्या टोलीत एकट्या तुमालेच चालते. नाई त सांगजा मामाजीले, येल काऊन गेली ते."

देवकाबाईंनी माझं मनगट सोडलं. वेलीकडे पाहिलं, वर शेंड्यापर्यंत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "असं उघड्या कपायानं नाव घेतात काय? कुंकू आन."

आता जंगलात कुंकू कुठलं? त्यांचं सकाळचं कुंकू चुलीच्या धगीने केव्हाच पुसलं होतं. भागीरथाकाकूंनी कमरेचा विळा काढला आणि वेलीच्या सालीवर हलकेच एक चीर दिली. तिथून लाल चीक आला, पातळ, रक्तासारखा लाल. काकूंनी तो बोटावर घेतला आणि जावेच्या कपाळाला लावला. मग आम्ही सगळ्या वेलीखाली गोल बसलो. साहेबांना काय करावं कळेना, ते टोपी हातात घेऊन लग्नातल्या पाहुण्यासारखे बाजूला उभे राहिले.

देवकाबाईंचे केस पांढरे झालेले, दात पडायला लागलेले. आणि त्या लाजल्या. अशा लाजल्या की मी त्यांच्याकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघायला लागले. आयुष्यभर पाणी प्यायला उठून गेलेली ती बाई आज उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, वेलीच्या खोडाकडे बघत त्यांनी म्हटलं,

"तयामंदी जाळं, जाळ्याले दोर भारी,
कुऱ्हाड ठेवा खाली, धनी माहे लटारी."

आवाज बारीक होता, पण शेवटचा शब्द स्वच्छ होता. भागीरथाकाकूंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की येनावरचे पक्षी उडाले. आम्ही देवकाबाईंना मिठ्या मारल्या. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला तेव्हा समजलं नाही, पण आलं खरं.

साहेबांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'लटारी' लिहिलं आणि खाली सही केली. "बाई, अजून एकदा म्हणा ना," ते म्हणाले. "माझ्या बायकोला सांगेन."

"एकदाच असते," देवकाबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुऱ्हाडी वाजायला लागल्या. दिवसभर वेली धडाधड कोसळत होत्या आणि मुकादम बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "लटारी सोडा रे! लटारीले हात नोका लावू!" इकडून एक ओरडायचा, तिकडून दुसरा. सगळ्या जंगलात तेच नाव. देवकाबाई अंगणात धान पाखडत होत्या, आणि प्रत्येक हाकेला डोक्यावरचा पदर पुढे ओढत होत्या. दुपारपर्यंत पदर नाकापर्यंत आला होता.

जत्रेचे लोक परतले. मामाजी बंडीतून उतरले ते थेट तलावाच्या मागे गेले. आजूबाजूच्या वेली मुडद्यासारख्या पडलेल्या आणि लटारी तेवढ्या उभ्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. जेवायला बसल्यावर मी त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आत्याबाईनं नाव घेतलं, म्हनून राह्यल्या येली."

मामाजींचा घास हातातच राहिला. "कोनाचं नाव?"

"येलीचं," देवकाबाई चुलीजवळून म्हणाल्या.

"उखाण्यात घेतलं," मी म्हणाले.

मामाजींनी ताट सरकवलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांत जे ऐकायचं होतं ते झालं, आणि झालं तेव्हा हे मार्कंड्याला रेवड्या खात होते! "काय म्हनली?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. मी कसं सांगणार? त्यांनी भागीरथाकाकूंना गाठलं. काकूंनी जोरात सुरुवात केली, "तयामंदी जाळं, जाळ्याले दोर भारी, कुऱ्हाड ठेवा खाली, धनी माहे..." आणि तिथे येऊन थांबल्या. "पुढचं तुमीच समजा."

"त्या पुढच्यासाठीच त मी जिंदगीभर थांबलो," मामाजी म्हणाले.

गंमत अशी की ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं होतं, त्या सगळ्या त्यांच्या सुना आणि भावजया. एकीलाही ते पुरं म्हणून दाखवता येत नव्हतं. पूर्ण सांगू शकेल असा माणूस एकच होता. बाजाराच्या दिवशी मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, सुकी मासोळी फडक्यात बांधली आणि चामोर्शीला चालत निघाले. माझा नवरा सोबत गेला, म्हणून मला कळलं. रेंजरसाहेब कचेरीच्या पायरीवर उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत त्यांनी सगळा उखाणा, शेवटच्या शब्दासकट, हात उंचावून म्हणून दाखवला.

मामाजी संध्याकाळी परतले. माझ्याशी बोलल्यासारखं करून चुलीला ऐकू जाईल असे म्हणाले, "पुरं म्हटलं साहेबानं. मानूस चांगला आहे. पन त्याच्या तोंडून आपलं नाव आयकून मी का करू?" आणि बाजेवर जाऊन पडले.

चुलीपाशी देवकाबाई लाकूड पुढे सारत राहिल्या. मी देवकाबाईंवर मनातून चिडले. म्हटलं, एवढ्या अनोळखी साहेबासमोर म्हटलंत, आता काय जीभ झिजते का तुमची? पण सुनेने मनात म्हटलेलं सासूला कुठे ऐकू जातं.

तलाव आटत आला तेव्हा नवा दोर वळायला घेतला. लांब दोर वळायला दोन माणसं लागतात; एकाने एक टोक धरून ताण द्यायचा, दुसऱ्याने पीळ भरत यायचं. नेहमी ते टोक मी धरायची. त्या दिवशी देवकाबाई मला म्हणाल्या, "तू राहू दे, तू पान्याले जा," आणि अंगणाच्या टोकाला बाजेवर बसलेल्या मामाजींकडे दोराचं टोक टाकलं. मामाजी उठले. टोक दोन्ही हातांत धरून उभे राहिले, पण ताण देईनात.

"घट धरा न," देवकाबाई म्हणाल्या. "ढील काऊन देऊन राह्यले?"

"तुटन," मामाजी म्हणाले. अजून रुसलेलेच होते.

देवकाबाईंनी हातातला पीळ थांबवला. त्यांनी दोराकडे पाहिलं नाही, सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"कायले तुटन?" त्या म्हणाल्या. "लटारी आहे."

मामाजींनी दोर घट्ट धरला. मी घागर कमरेवर घेतली आणि घाईघाईने तलावाकडे चालू लागले. ती आधीच भरलेली होती, हे मला निम्म्या वाटेत कळलं.